भूतान, बांगलादेश आणि चांगल्या जगण्याचे माप

भूतान आणि बांगलादेश यांच्यामध्ये भारताची एक चिंचोळी पट्टी आहे. भूतानच्या डोंगरांतून उतरणाऱ्या नद्या ती ओलांडून ब्रह्मपुत्रेला मिळतात आणि तिच्याबरोबर बांगलादेशात शिरतात. याखेरीज दोन्ही देशांत साम्य फार कमी. एकाची लोकसंख्या आठ लाखांच्या आत, तर दुसऱ्याची सुमारे सतरा कोटी. एकात वज्रयान बौद्ध परंपरेची राजेशाही आहे, तर दुसरे मुस्लिमबहुल प्रजासत्ताक असून ते १९७१ मध्ये युद्धातून जन्माला आले. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकात ते जवळजवळ शेजारी बसतात. २०२२ सालच्या आकडेवारीनुसार भूतान ०.६८१ गुणांसह १२५ व्या, तर बांगलादेश ०.६७० गुणांसह १२९ व्या क्रमांकावर होता.

बेरीज सारखी दिसली तरी आतले आकडे वेगळे आहेत. डॉलरच्या क्रयशक्तीनुसार मोजलेले भूतानचे दरडोई उत्पन्न सुमारे १०,६०० होते आणि बांगलादेशचे सुमारे ६,५००. आयुर्मानात मात्र बांगलादेश पुढे होता: तेथे ७३.७ वर्षे, भूतानमध्ये ७२.२. प्रौढांच्या शालेय शिक्षणाची सरासरी वर्षे बांगलादेशात ७.४ आणि भूतानमध्ये ५.८. याला इतिहासाचे कारण आहे. भूतानमध्ये पहिली पंचवार्षिक योजना १९६१ मध्ये सुरू झाली आणि मठांबाहेरच्या आधुनिक शाळा त्याच सुमारास पसरू लागल्या. आज शाळेत जाणारे मूल किती वर्षे शिकेल, असे विचारले तर भूतान पुन्हा वर येतो. म्हणजे या दोहोंपैकी कोठले जगणे चांगले, हा प्रश्न आकडे सोडवत नाहीत. आयुष्याचे दीड वर्ष आणि उत्पन्नातले चार हजार डॉलर एकाच तागडीत कसे घालायचे, हे आधी कोणीतरी ठरवावे लागते. हे ठरवणे अर्थशास्त्राच्या आवाक्याबाहेरचे आहे. तो जुना तत्त्वज्ञानाचा आणि धर्माचा प्रश्न आहे.

बृहदारण्यक उपनिषदात तो मैत्रेयीच्या तोंडी येतो. याज्ञवल्क्य घर सोडून निघताना दोघी पत्नींमध्ये संपत्तीची वाटणी करू पाहतो. तेव्हा ती विचारते, की धनाने भरलेली सारी पृथ्वी मिळाली तर त्याने अमरत्व मिळेल काय? मिळणार नाही, साधनसंपन्न माणसे जगतात तसे जगता येईल एवढेच, असे उत्तर येते. मग त्या धनाचे मला काय काम, असे ती म्हणते. अमर्त्य सेन यांनी ‘डेव्हलपमेंट ॲज फ्रीडम’ या १९९९ च्या ग्रंथात विकासाच्या चर्चेला याच संवादापासून सुरुवात केली. मैत्रेयीला मोक्षाची ओढ होती. सेन यांनी त्या प्रश्नातून ऐहिक अर्थ काढला: संपत्ती ज्यासाठी हवी ते जगणे मोजायचे, संपत्ती नव्हे. १९७९ मधील ‘इक्वॅलिटी ऑफ व्हॉट?’ या व्याख्यानात त्यांनी मांडलेला क्षमतेचा विचार याच दिशेचा आहे. माणूस प्रत्यक्षात काय करू शकतो आणि काय होऊ शकतो, याची व्याप्ती म्हणजे त्याची क्षमता. उपास करणारा आणि उपाशी राहणारा या दोघांच्याही पोटात अन्न नसते, पण पहिल्याला जेवणे शक्य असते. सारा फरक त्या शक्यतेत आहे.

पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी १९९० मध्ये पहिला मानव विकास अहवाल काढला, तेव्हा सेन त्यांच्यासोबत होते. उत्पन्न, आरोग्य आणि शिक्षण एकाच संख्येत कोंबण्याला सेन यांचा आरंभी विरोध होता. हक यांचे म्हणणे व्यवहारी होते: राष्ट्रीय उत्पन्नाच्या एका आकड्याला हटवायचे तर तितकाच ढोबळ, पण माणसांच्या आयुष्याकडे पाहणारा दुसरा आकडा हवा. ते बरोबर ठरले. मात्र एक आकडा आला की क्रमवारी आली, आणि क्रमवारी आली की मूळ प्रश्न बाजूला पडतो.

भूतानने या प्रश्नाला निराळे उत्तर दिले. चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी १९७० च्या दशकात सकल राष्ट्रीय उत्पादनापेक्षा सकल राष्ट्रीय आनंद महत्त्वाचा, अशी भूमिका घेतली. २००८ च्या राज्यघटनेत हा आनंद साधता येईल अशी परिस्थिती निर्माण करणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले गेले. देशाची किमान ६० टक्के भूमी कायम वनाच्छादित राहील, हेही त्याच घटनेत आहे. २०११ मध्ये भूतानच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने आनंदाला विकासाच्या विचारात स्थान देणारा ठराव केला. पुढे २० मार्च हा आंतरराष्ट्रीय आनंद दिन ठरला.

बाहेरच्या जगात या कल्पनेची जी भाबडी प्रतिमा तयार झाली आहे, तिच्यापेक्षा मूळ रचना बरीच कसदार आहे. २०१०, २०१५ आणि २०२२ मध्ये या निर्देशांकासाठी देशभर पाहणी झाली. ‘तुम्ही आनंदी आहात का’ एवढाच प्रश्न तीत नाही. नऊ क्षेत्रे आणि ३३ निकष आहेत: मनःस्वास्थ्य, आरोग्य, शिक्षण, वेळेचा विनियोग, सांस्कृतिक वैविध्य, सुशासन, गावकीचे बळ, पर्यावरण आणि राहणीमान. झोप किती मिळते, काम किती तास असते, आजारपणात धावून येईल असे कोणी आहे का, रानटी जनावरे पिकाची नासाडी करतात का, असे प्रश्न विचारले जातात. अध्यात्माच्या निकषात माणूस प्रार्थना किती वेळा म्हणतो, ध्यान करतो का आणि रोजच्या व्यवहारात कर्माचा विचार कितपत करतो, हेही नोंदवले जाते. प्रत्येक निकषाला पुरेसेपणाची एक रेषा असते. ती गाठली की त्याहून अधिक असण्याला जादा गुण मिळत नाहीत. गरजेपुरते असले की वरची भर हिशेबात धरायची नाही, हा मध्यममार्गाचा विचार येथे गणितात उतरला आहे, आणि या निर्देशांकातला तोच सर्वांत मौलिक भाग म्हणावा लागेल. उत्पन्नाच्या कुठल्याही मोजणीत ‘पुरे’ हा शब्दच नसतो.

पाहणीचे निष्कर्षही गुळमुळीत नाहीत. २०१० आणि २०१५ या दोन्ही वेळी पुरुषांपेक्षा स्त्रिया, शहरी लोकांपेक्षा खेड्यातले लोक आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेले लोक कमी आनंदी आढळले. डोंगरातल्या साध्या शेतकऱ्याच्या तृप्त जीवनाचे जे चित्र पर्यटक घेऊन जातात, ते भूतानच्याच आकडेवारीने खोडून काढले आहे.

तरी एक कठीण प्रश्न उरतोच. माणसाने स्वतःच्या समाधानाबद्दल दिलेली ग्वाही कितपत पुरावा मानायची? १९४३ च्या दुष्काळानंतर, १९४४ मध्ये कोलकात्याजवळच्या सिंगूर येथे आरोग्य पाहणी झाली. सेन यांनी तिचा पुनःपुन्हा उल्लेख केला आहे. आपली प्रकृती ठीक नाही, असे जवळजवळ निम्म्या विधुरांनी सांगितले. विधवांमध्ये तसे सांगणाऱ्या शेकडा तीनही नव्हत्या. त्या काळच्या बंगालमध्ये विधवेच्या वाट्याला काय येई, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या आकड्याचा अर्थ उघड आहे. आपल्या दुखण्याला तक्रारीचा दर्जा आहे, असेच त्या बायकांना वाटत नव्हते. सतत वंचित राहिलेले मन आपली अपेक्षा मिळणाऱ्या वाट्याएवढी छाटून घेते आणि मग तो वाटा पुरेसा वाटू लागतो. अशा समाधानाला चांगल्या जगण्याचा पुरावा मानणे हा त्या माणसावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे.

येथे धर्मांवर एक आक्षेप घेतला जातो. संतोषाची शिकवण देऊन धर्मच अपेक्षा छाटतात, असा तो आक्षेप. तो पुरता खरा नाही. पाली त्रिपिटकातील अनण सुत्तात बुद्ध अनाथपिंडिक या गृहस्थाला चार सुखे सांगतात: न्यायाने मिळवलेले धन असण्याचे, ते उपभोगण्याचे, कर्ज नसण्याचे आणि निर्दोष आचरणाचे. चौथे सुख सर्वांत मोठे मानले असले तरी पहिली तीन नाकारलेली नाहीत. कर्जमुक्तीला सुखाचा दर्जा देणारा हा विचार संसारी माणसाचे जगणे फार जवळून पाहणारा आहे. कूटदंत सुत्तात राज्यातल्या चोऱ्या थांबवण्यासाठी शिक्षा वाढवण्याऐवजी शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला वेतन द्यावे, असा सल्ला राजाला मिळतो. संतोष भिक्षूने स्वतःसाठी स्वीकारायचा आहे. प्रजेच्या दारिद्र्याचे समर्थन म्हणून राजाने तो वापरायचा नाही.

हा भेद महाराष्ट्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सर्वांत परखडपणे मांडला. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाच्या हालअपेष्टा पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ आहेत, या कल्पनेचा उपयोग त्यांच्या मते एकच: गरिबांच्या आणि दलितांच्या स्थितीची जबाबदारी समाजाने व राज्याने झटकून टाकावी. म्हणून बुद्धाच्या कर्मविचारातून ही कल्पना त्यांनी बाजूला काढली आणि माणसाने माणसाला दिलेले दुःख नाहीसे करणे धम्माच्या केंद्रस्थानी आणले. भूतानची प्रश्नावली आणि नागपूरची दीक्षाभूमी या दोन्हींचा आधार बुद्धच. पहिलीत कर्माचा विचार वारंवार मनात येणे हे आनंदी जीवनाचे एक लक्षण गणले जाते. दुसरीला जोडलेल्या विचारात त्याच शब्दाच्या एका प्रचलित अर्थावर कडाडून हल्ला आहे. भूतानची बाजू अशी मांडता येईल, की कर्माचे भान म्हणजे आपल्या कृतीच्या परिणामांचे भान, पदरी आले ते निमूट सोसणे नव्हे. हा अर्थ घेतला तर विरोध बराच मावळतो. उत्तर देणाऱ्याच्या मनात यांपैकी कोठला अर्थ होता, हे मात्र प्रश्नावलीतून कळत नाही.

बांगलादेशच्या कहाणीत आनंदाचा उल्लेख जवळजवळ नाही. तेथील यश जीव वाचवण्याचे आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास या देशाचे आयुर्मान पन्नाशीही गाठत नव्हते. हगवणीने मुले मोठ्या संख्येने दगावत. साखर आणि मीठ यांचे पाणी तोंडाने देऊन पटकीचा रोगी वाचवता येतो, हे १९६८ मध्ये ढाक्यातील कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत सिद्ध झाले होते. १९७१ मध्ये निर्वासितांच्या बनगाव छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवले. पण औषधाची पुडी खेडोपाडी पोहोचणार कशी? ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० ते १९९० या काळात घरोघर जाऊन बायकांना घरच्याच जिनसांतून जलसंजीवनी करायला शिकवले: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणाऱ्या बाईचे वेतन किती घरे झाली यावर ठरत नसे. काही काळाने तपासनीस निवडक घरी जाऊन आईला काय आठवते ते विचारी आणि त्यावर पैसे मिळत. आयांना सगळे आठवते, पण प्रत्यक्ष त्या हे पाणी देत नाहीत, असे सुरुवातीला आढळले. शोध घेतल्यावर कळले, की शिकवणाऱ्यांचाच त्यावर विश्वास नव्हता; स्वतःच्या घरी त्या गोळ्या-औषधे वापरत. मग त्यांनाच आधी ते शास्त्र समजावून देण्यात आले आणि गावातल्या पुरुषांशीही बोलणे सुरू झाले. सव्वा कोटीच्या आसपास घरांपर्यंत पोहोचलेली ही मोहीम आयुर्मानाच्या तक्त्यात दशांश चिन्हापुढच्या एखाद्या आकड्यात विरून जाते. पण रात्री मुलाला जुलाब लागले तर आईच्या हातात काहीतरी उपाय असणे, हाच क्षमता या संकल्पनेचा नेमका अर्थ आहे.

इस्लामी विचारपरंपरेला हे परके नाही. अकराव्या-बाराव्या शतकातील विचारवंत अल-गझाली यांनी धर्मशास्त्राचे उद्देश पाच गोष्टींच्या रक्षणात सांगितले: श्रद्धा, जीव, बुद्धी, वंश आणि मालमत्ता. ही यादी तत्त्वज्ञ मार्था नुसबॉम यांनी केलेल्या मूलभूत क्षमतांच्या यादीशेजारी ठेवली तर दोन्हींतले अंतर मोठे आहे, कारण नुसबॉम यांच्या यादीत व्यक्तीची निवड केंद्रस्थानी असते. तरी जीव आणि बुद्धी यांचे रक्षण हे समाजाचे देणे आहे, ही भूमिका समान आहे. मात्र बांगलादेशातील प्रगतीचे श्रेय धर्माला देणे किंवा धर्माला न जुमानता ती झाली असे म्हणणे, दोन्ही घाईचे ठरेल. स्वयंसेवी संस्थांना कट्टरपंथीयांचा विरोध झाला, आणि त्याच देशात मुलींची माध्यमिक शाळेतली संख्या शिष्यवृत्तीच्या जोरावर झपाट्याने वाढली.

बांगलादेशची दुसरी बाजू तयार कपड्यांच्या कारखान्यांत दिसते. तेथे सुमारे चाळीस लाख लोक काम करतात आणि त्यांत बायका बहुसंख्य आहेत. नैला कबीर यांनी ‘द पॉवर टू चूज’ या २००० सालच्या पुस्तकात ढाक्यातील अशा कामगार स्त्रियांच्या मुलाखतींचा अभ्यास केला. कष्ट आणि कमी मजुरी यांची तक्रार करतानाच, स्वतःच्या कमाईने घरात शब्दाला वजन आले, हेही त्या सांगत होत्या. पण निवडीच्या या सामर्थ्याला मर्यादा किती, हे २४ एप्रिल २०१३ ला सावारमध्ये दिसले. राणा प्लाझा या आठ मजली इमारतीला आदल्या दिवशी तडे गेले होते. खालच्या मजल्यांवरील बँक आणि दुकाने बंद ठेवली गेली. वरच्या कारखान्यांतील कामगारांना मात्र कामावर यायला लावले आणि इमारत कोसळून १,१३४ जण मेले. बँकेतील कर्मचारी आणि शिलाई करणारी मुलगी या दोघांनाही भिंतीतला तडा दिसत होता. नाही म्हणण्याची सोय एकालाच होती. मानव विकास निर्देशांकात ही सोय मोजली जात नाही, आणि जगण्याची प्रत ठरवताना तिच्याइतके महत्त्वाचे काही दाखवणे कठीण आहे.

मोजमापाची आणखी एक त्रुटी अधिक गंभीर आहे: सरासरी कोणाची काढायची? दक्षिण भूतानमधील नेपाळीभाषक, बहुतांशी हिंदू लोकांना ल्होत्शाम्पा म्हणतात. १९८५ च्या नागरिकत्व कायद्यानंतर १९८८ मध्ये झालेल्या जनगणनेत त्यांच्याकडून १९५८ साली देशात वास्तव्य असल्याचा पुरावा मागितला गेला. त्याच सालची सारा भरल्याची पावती हवी होती. १९८९ पासून राष्ट्रीय पोशाख आणि शिष्टाचाराची सक्ती आली, शाळांतून नेपाळी भाषा गेली. निदर्शने, अटका आणि हुसकावणी यांनंतर १९९० च्या दशकात एक लाखाहून अधिक लोक पूर्व नेपाळमधील झापा आणि मोरंग येथील छावण्यांत पोहोचले. इतक्या लहान देशाच्या दृष्टीने हा केवढा मोठा हिस्सा होता! २००७ नंतर त्यांतील बहुतेकांचे पुनर्वसन अमेरिका आणि इतर देशांत झाले. ‘सांस्कृतिक वैविध्य’ हे ज्या निर्देशांकाचे एक क्षेत्र आहे, त्याच्या एकाही पाहणीत ही माणसे उत्तर द्यायला देशात नव्हती. अगदी प्रामाणिकपणे केलेली पाहणीसुद्धा उरलेल्यांचाच आनंद मोजू शकते.

बांगलादेशचा हिशेबही स्वच्छ नाही. चितगावच्या डोंगराळ भागात पाकिस्तानी राजवटीत कप्ताई धरणाने सुमारे लाखभर लोक विस्थापित केले. त्यांत बहुसंख्य चकमा, म्हणजे बौद्ध होते. स्वतंत्र बांगलादेशात तेथे दोन दशके सशस्त्र संघर्ष चालला आणि १९९७ मध्ये करार झाला. दुसरीकडे, २०१७ मध्ये म्यानमारमधून पळून आलेल्या सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना याच गर्दीच्या आणि गरीब देशाने कॉक्स बझारमध्ये जागा दिली, जरी त्यांना रीतसर रोजगाराचा हक्क दिलेला नाही. बौद्ध देश म्हणून करुणेचे गुण किंवा मुस्लिम देश म्हणून बंधुभावाचे गुण आधीच देऊन टाकणाऱ्याला या नोंदी अडचणीत आणतात. धर्म काय सांगतो आणि त्या धर्माचे राज्य काय करते, हे वेगवेगळे तपासावे लागते.

मग तुलना अशक्यच आहे काय? प्रत्येक संस्कृतीचे सुख वेगळे आणि म्हणून बाहेरच्याने बोलू नये, असे म्हणणे उदार वाटते. पण सिंगूरच्या विधवा आणि झापाच्या छावण्या यांच्याबद्दल मग मौनच पाळावे लागेल. सेन यांनी अपूर्ण क्रमाचा पर्याय सुचवला आहे. सर्व बाबी एका संख्येत न बसवता जेथे फरक निःसंशय दिसतो तेथे तो सांगावा आणि जेथे तराजू ठरत नाही तेथे ते मान्य करावे. त्या रीतीने पाहिले तर जंगल आणि हवा यांत भूतानमधील सामान्य माणूस ढाक्यातील माणसापेक्षा बऱ्या स्थितीत आहे. तुटपुंज्या उत्पन्नातून जीव वाचवण्यात बांगलादेशने अधिक साधले. कामाच्या ठिकाणी नकार देण्याची ताकद आणि अल्पसंख्याकाला घर आपले मानण्याची खात्री, या दोन कसोट्यांवर दोघेही उणे पडतात. शेजाऱ्याच्या आधाराची किंमत आयुष्याच्या एका वर्षाएवढी की कमी, हे मात्र कोणत्याही तक्त्याने सांगू नये.

दोन्ही देशांतील तरुणांनी अलीकडे स्वतःचे मत निराळ्या वाटेने नोंदवले आहे. अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मधील पुस्तकात असमाधानाचे दोन मार्ग सांगितले होते: निघून जाणे आणि आवाज उठवणे. भूतानचा आनंद निर्देशांक २०१५ मधील ०.७५६ वरून २०२२ मध्ये ०.७८१ वर गेला. त्याच सुमारास शिक्षक, परिचारिका आणि सरकारी नोकर राजीनामे देऊन मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियाची वाट धरू लागले. यावरून पाहणीतली उत्तरे खोटी ठरत नाहीत. पाहणीने आजच्या दिवसाबद्दल विचारले होते, स्थलांतराने पुढच्या वीस वर्षांबद्दल उत्तर दिले. बांगलादेशातूनही आखाती देशांकडे लोक दशकानुदशके जात आहेत, पण २०२४ च्या जुलैत विद्यार्थ्यांनी दुसरा मार्ग धरला. सरकारी नोकऱ्यांतील आरक्षणाविरुद्ध सुरू झालेले आंदोलन गोळीबारानंतर देशभर पेटले आणि ५ ऑगस्टला शेख हसीना देश सोडून गेल्या. त्याआधीच्या दशकांत बांगलादेशचे आयुर्मान, शालेय शिक्षण आणि उत्पन्न हे तिन्ही आकडे वाढले होते.